जुन्या मायक्रोफोनचें मोल

जुन्या वस्तूंचें मोल ठरविण्याच्या रीति वस्तुपरत्वें निरनिराळ्या असतात. जुनें नाणें चलनांतून गेलें तरी त्याचें मोल वाढतें, कारण त्याच्याकडून आतां कोणी कामाची अपेक्षा करीत नाहीं. जुन्या तंबोऱ्याची गोष्ट निराळी. तो दिसावयास कितीहि सुंदर असला, त्याच्यावरील नक्षीकाम कितीहि नाजूक असलें, तरी जवारी लागत नसेल तर गवई त्याला हात लावणार नाहीं. मायक्रोफोन हा या दुसऱ्या वर्गांत मोडतो. तो ऐकण्यासाठीं जन्माला आला, आणि जोंपर्यंत तो ऐकूं शकतो तोंपर्यंतच त्याला खरी किंमत. असें असूनहि पाऊणशें वर्षांपूर्वीं बर्लिनमध्यें प्रथम तयार झालेल्या एका मायक्रोफोनसाठीं आज कित्येक लाख रुपये मोजले जातात. ही किंमत कशाची, आणि ती देण्यापूर्वीं जाणत्यानें काय पाहावें, हें समजण्यास त्या यंत्राचा थोडासा इतिहास ठाऊक असणें अवश्य आहे.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काळांत मायक्रोफोन नव्हताच. गवयानें भल्या मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून खड्या आवाजांत गावें, आणि त्या आवाजाच्या केवळ धक्क्यानें सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावी, अशी ती पद्धति. तिच्यांत हलका स्वर, श्वास, शब्दांच्या कडा, तंबोऱ्याची आंस हें सारें वाटेंतच गळून जाई. १९२५ सालीं अमेरिकेंत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधकांनीं सिद्ध केलेली विद्युत्-ध्वनिमुद्रणाची पद्धति व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्यांनीं स्वीकारली, आणि कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आला. खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३० नंतरच्या दशकांतील तबकड्या एकामागून एक लावून ऐकल्या म्हणजे हा फरक कोणाहि मराठी रसिकाच्या ध्यानांत येईल. मधल्या काळांत गळा बदलला हें खरें. परंतु पहिल्या तबकड्यांत गाणें दूरच्या खोलींतून आल्यासारखें वाटतें, दुसऱ्यांत तें समोर बसलेल्या माणसाचें वाटतें. हें अंतर गळ्याचें नव्हे, यंत्राचें होय.

मायक्रोफोनचे जे प्रकार झाले त्यांपैकीं सर्वांत जुना कोळशाचा. १८७८ सालीं लंडनमध्यें डेव्हिड ह्यूज यानें कोळशाच्या सैल सांध्यांतून जाणारी वीज आवाजानें कमीजास्त होते हें दाखविलें आणि आपल्या रचनेस मायक्रोफोन हें नांव दिलें. टेलिफोनला हा प्रकार पुष्कळ मानवला. परंतु त्यांत एक सततची खरखर असे, व ती गाण्याला मारक होती. दुसरा प्रकार कंडेन्सरचा. बेल टेलिफोनच्या संशोधनशाळेंतील ई. सी. वेंट यानें १९१६ सालीं तो सिद्ध केला. धातूच्या एका स्थिर चकतीसमोर, केंसाएवढ्या फटीवर, अतिशय पातळ असा वीजवाहक पडदा ताणून बसवावयाचा आणि दोहोंमध्यें विजेचा दाब ठेवावयाचा, हें त्याचें तत्त्व. आवाजानें पडदा हलला कीं फट कमीजास्त होते व तितकाच विजेचा दाब बदलतो. हा बदल इतका क्षीण असतो कीं, साध्या तारेनें तो दूर नेऊं गेल्यास वाटेंतच नाहींसा व्हावा. म्हणून पडद्याला लागूनच, यंत्राच्या पोटांत, एक व्हॉल्व्ह बसवावा लागतो. आणि तेथून ट्रान्स्फॉर्मरच्या मार्गानें तो आवाज लांब तारेवर चढतो. पडद्याची ही डबी, म्हणजेच कॅप्सूल, तिच्याखालचा व्हॉल्व्ह व त्याच्याखालचा ट्रान्स्फॉर्मर हीं तीन अंगें ध्यानांत ठेवलीं म्हणजे पुढील सारा विचार सोपा होतो.

जर्मनींत नभोवाणीचा आरंभ झाला तेव्हां तेथें ऑयगेन राइस याच्या नांवाचा कोळशाचा मायक्रोफोन प्रचारांत होता. संगमरवराच्या ठोकळ्यांत कोळशाची पूड भरलेलें तें यंत्र बनविण्यांत गेओर्ग नॉयमान या तरुण तंत्रज्ञाचा मोठा हात होता. कोळशाच्या मर्यादा त्याला जवळून कळल्या होत्या. १९२८ सालीं त्यानें बर्लिनमध्यें स्वतःचा कारखाना काढला आणि सी एम व्ही ३ या नांवाचा कंडेन्सर मायक्रोफोन विक्रीस ठेवला. कंडेन्सरचें तत्त्व प्रयोगशाळेंतून बाहेर काढून तें नित्याच्या व्यवहारांत, कारखान्याच्या मालाच्या रूपानें, आणण्याचें श्रेय या यंत्राकडे जातें. त्याचा आकार लांबट व मोठा असल्यामुळें लोक त्याला नॉयमानची बाटली म्हणत. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच कारखान्यानें एम ७ नांवाची कॅप्सूल तयार केली. तिचा पडदा पी. व्ही. सी. या प्लास्टिकचा असून त्यावर सोन्याचा सूक्ष्म मुलामा असे. हा पडदा चौकटीवर चिकटवून बसवीत. प्लास्टिक व सोनें यांच्या या जोडीनें पुढच्या पिढीचा आवाज घडविला, आणि पुढच्या पिढीच्या अडचणीहि तिनेंच निर्माण केल्या.

नोव्हेंबर १९४३ मध्यें बर्लिनवर झालेल्या बाँबवर्षावांत नॉयमानच्या कारखान्याची मोठी हानि झाली, आणि काम थुरिंगियांतील गेफेल या लहानशा गांवीं हलवावें लागलें. युद्ध संपल्यावर गेफेल रशियन अमलाखालील भागांत आलें. नॉयमान बर्लिनला परतला व त्यानें पश्चिम भागांत कारखाना पुन्हां उभा केला. गेफेलचा कारखाना मात्र तेथेंच राहिला व स्वतंत्रपणें चालूं लागला. एका घराण्याच्या अशा दोन शाखा झाल्या. दोन्हीं शाखांनीं एम ७ कॅप्सूल पुढें चालविली. आज एखाद्या जुन्या नगांतील कॅप्सूल बर्लिनची कीं गेफेलची, हा प्रश्न जाणते विचारतात तो यामुळें.

१९४९ सालीं नॉयमानचा यू ४७ बाजारांत आला. धातूचें दंडगोलाकृति अंग व वर जाळीचें डोकें असा त्याचा घाट. त्याच्या कॅप्सूलला पुढें व मागें असे दोन पडदे असून, एक कळ फिरविली कीं तो केवळ समोरचें ऐके, व दुसरीकडे फिरविली कीं चोहोंकडचें ऐके. त्याचा जन्म मोठ्या योग्य वेळीं झाला. चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण करण्याची विद्या युद्धानंतर जर्मनींतून बाहेर पडली होती, आणि १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मंद गतीनें फिरणारी दीर्घ तबकडी काढली होती. फीत व तबकडी या दोहोंचा स्वतःचा खरखराट कमी झाल्यामुळें आतां मायक्रोफोननें टिपलेलें बारीकसारीक सारें श्रोत्याच्या घरापर्यंत पोंचूं लागलें. हॉलिवुडमधील कॅपिटॉल कंपनीच्या स्टुडिओंत फ्रँक सिनात्रा यू ४७ पुढें गाइला. लंडनमध्यें ॲबी रोडवरील स्टुडिओंत १९६० नंतरच्या दशकांत बीटल्सचे आवाज यू ४७ व त्याचाच भाऊ यू ४८ यांच्यापुढें मुद्रित झाले. कित्येक वर्षें या यंत्राची परदेशांतील विक्री टेलिफुन्केन कंपनीच्या हातीं होती. म्हणून पुष्कळ नगांवर नॉयमानऐवजीं टेलिफुन्केनचें चिन्ह आढळतें. आंतील यंत्र तेंच.

यू ४७ च्या पोटांतील व्हॉल्व्हचें नांव व्ही एफ १४. हा टेलिफुन्केनचा पोलादी कवचाचा व्हॉल्व्ह मुळांत घरगुती रेडिओसाठीं बनविलेला. त्याची तार तापविण्यास ५५ व्होल्टचा दाब लागतो असें त्याच्या निर्मात्याचें माप होतें. नॉयमाननें मात्र ती सुमारें ३६ व्होल्टवरच ठेवली. त्यामुळें व्हॉल्व्ह अधिक शांत चाले. शिवाय कारखान्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह कानाखालून घालीत, व जे पुरेसे शांत ठरत त्यांच्यावर एम हें अक्षर उमटवीत. पुष्कळसे नापास होत. परंतु ज्या घरगुती रेडिओसाठीं तो निघाला होता ते रेडिओ जुने झाले, आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेलिफुन्केननें व्ही एफ १४ बनविणें थांबविलें. एका मायक्रोफोनसाठीं व्हॉल्व्हचा कारखाना चालविणें कोणास परवडणार? शिलकी मालावर यू ४७ आणखी कांहीं वर्षें निघत राहिला व १९६५ च्या सुमारास बंद पडला. तत्पूर्वींच, १९६० सालीं, सहज मिळणाऱ्या दुसऱ्या व्हॉल्व्हवर चालणारा यू ६७ त्याची जागा घेण्यास आला होता, व १९६७ सालीं ट्रान्झिस्टरच्या जातीचा यू ८७ निघाला.

यानंतरचा काळ जुन्या यंत्रांच्या उपेक्षेचा. व्हॉल्व्ह तापतो, थकतो, त्याला वेगळी वीजपेटी लागते. ट्रान्झिस्टरला यांतलें कांहींच नको. नव्या मायक्रोफोनला वीज त्याच आवाजाच्या तारेंतून देतां येऊं लागली. पुष्कळ स्टुडिओंनीं जुने नग कपाटांत टाकले, विकले किंवा नव्या पद्धतीनें बदलून घेतले. व्ही एफ १४ च्या जागीं बसणारा नुव्हिस्टर नांवाचा छोटा व्हॉल्व्ह खुद्द नॉयमाननेंच पुरविला होता. त्या काळांत ही तोडजोड म्हणजे शहाणपणाची दुरुस्ती होती. मूळचा व्हॉल्व्ह फेंकून देणाऱ्यास आपण कांहीं गमावीत आहों असें वाटण्याचें कारण नव्हतें.

१९८० नंतर वारा फिरला. अंकांच्या रूपानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें व १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली. फितीचा खरखराट गेला, आणि त्याबरोबर आवाजावरील एक प्रकारची झिलईहि गेली. नव्या पद्धतींत कित्येकांना आवाज रूक्ष व टोंचणारा वाटूं लागला. तेव्हां ध्वनिमुद्रकांना कपाटांतले जुने मायक्रोफोन आठवले. परंतु तोंपर्यंत चांगले नग थोडे उरले होते, व मूळचा व्हॉल्व्ह तर कोठेंच बनत नव्हता. मागणी वाढली आणि पुरवठा वाढणें शक्य नाहीं, अशा स्थितींत किंमत चढावी हें अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठाला धरूनच झालें. किंमतीबरोबर नकलाहि आल्या: बाहेरचें अंग यू ४७ चें, आंतील यंत्र दुसऱ्याच कोणाचें, असे नग हातोहात फिरूं लागले.

म्हणून आज असा नग समोर आला असतां जाणता मनुष्य बाहेरील चिन्हावर फार वेळ दवडीत नाहीं. अंगावरचा पोंचा, जाळीवरचा गंज, घासलेलें अक्षर यांनीं किंमत थोडीबहुत उतरते, ऐकण्यास बाध येत नाहीं. जाळी फार दबलेली असेल तर मात्र सावध व्हावें. डोकें पडलें असेल, आणि डोक्यांतच कॅप्सूल असते. त्यानंतर पाहावयाची ती वीजपेटी. यू ४७ च्या मूळ पेटींतून सुमारें १०५ व्होल्टचा एकच दाब येतो, व व्हॉल्व्हची तार तापविण्याचें कामहि एका रोधकामार्गें त्याच्यावरच चालतें. पेटी मूळची नसेल, रोधक बदललेला असेल, किंवा दाब मापांत नसेल, तर आंत दुसरा व्हॉल्व्ह बसला आहे असें बहुधा समजावें. असा नग वाईटच असतो असें नाहीं. कुशल हातानें बसविलेला पर्यायी व्हॉल्व्ह उत्तम काम देतो. परंतु मूळच्या नगाची किंमत मागणाऱ्यास तो मूळचा नाहीं, हें सांगणें भाग आहे.

व्ही एफ १४ मूळचाच असला तरी परीक्षा संपत नाहीं. तो किती हजार तास चालला हें त्याच्या पोलादी कवचावरून कळत नाहीं; तें कानालाच कळतें. यंत्र अर्धा तास तापूं द्यावें, समोर कोणी न बोलतां पडसादहीन खोलींत त्याची शांतता ऐकावी. मंद, एकसारखी फुसफुस ही स्वाभाविक होय. मधूनच उठणारे कडकड आवाज, तव्यावर मीठ टाकल्यासारखी तडतड, गडगड हीं दुखण्याचीं लक्षणें. मात्र हीं लक्षणें नेहमीं व्हॉल्व्हचींच नसतात. कॅप्सूल व व्हॉल्व्ह यांच्या जोडाशीं धूळ किंवा ओल जमली तरी वीज गळते व तोच आवाज येतो. मुंबई किंवा कोंकण यांसारख्या दमट हवेंत हा दोष सहज होतो, आणि जाणत्याच्या हातीं तो थोडक्या खर्चांत जातो. हा भेद न जाणणारा मनुष्य दुर्मिळ व्हॉल्व्ह काढून टाकतो, व दोष जसाच्या तसा राहतो.

सर्वांत कठीण परीक्षा कॅप्सूलची. पी. व्ही. सी. मध्यें तिला लवचिक ठेवणारें द्रव्य वर्षानुवर्षें उडून जातें. पडदा ताठ होतो, आक्रसतो, कोठें सुरकुततो. सोन्याचा मुलामा सुटून भोंकें दिसूं लागतात. गाणाऱ्यांच्या तोंडांतील तुषार उडून पडलेले काळे डागहि आढळतात. उजेडांत धरून पाहावें, पण बोट लावूं नये, फुंकर मारूं नये, पुसूं तर मुळींच नये. पुसण्याच्या एका हातासरशीं सोनें निघून येतें, आणि कॅप्सूल तेथेंच संपते. डोळ्यांपेक्षां कान अधिक सांगतो. समोरून व मागून सारख्याच अंतरावरून, सारख्याच आवाजांत बोलून दोन्हीं पडद्यांचें बळ तोलावें; खर्ज नाहींसा झाला असल्यास पडदा ताठला असें मानावें. पुढें १९६० च्या सुमारास नॉयमाननें चिकटविण्याऐवजीं स्क्रूंनीं बसविलेला पॉलिएस्टरचा पडदा आणला. ती कॅप्सूल के ४७ या नांवानें ओळखली जाते व ती पुष्कळ अधिक टिकाऊ आहे. उशिराच्या नगांत ती मूळचीच असते. आरंभीच्या नगांत ती आढळल्यास मागून बसविली असें ठरतें.

या सर्व विवेचनावरून रिबन मायक्रोफोनची परीक्षा सोपी वाटेल, पण तसें नाहीं. आर. सी. ए. कंपनींतील हॅरी ओल्सन याच्या संशोधनांतून १९३० नंतर लवकरच निघालेला ४४ या क्रमांकाचा मायक्रोफोन अमेरिकेच्या नभोवाणीची ओळखच होऊन बसला. लोहचुंबकाच्या दोन तोंडांमध्यें ॲल्युमिनियमची सुमारें २.५ मायक्रॉन जाडीची चुणीदार फीत टांगलेली असते, व आवाजाच्या लहरीनें ती झुलते. त्यांत व्हॉल्व्ह नाहीं, म्हणून झिजण्याजोगें थोडें. परंतु तोंडानें फुंकून पाहणाऱ्याच्या एका फुंकरीनें फीत ताणली जाते. चुंबक लोखंडाची बारीक कीस ओढून घेतो व ती फितीच्या कडेला अडकते. यंत्र आडवें ठेवल्यास फीत लोंबते. फीत नवी बसविली असेल तर कोणी व कोणत्या जाडीची बसविली, हें विचारावें. चुंबक काळानें क्षीण होतो, आणि आवाज उतरतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. यू ४७ चा मूळ आवाज म्हणजे कोणता? १९४९ सालीं कारखान्यांतून निघालेला नग आज जसाच्या तसा कोठेंच उरलेला नाहीं. पडदा वयानें ताठला, व्हॉल्व्ह थकला, ट्रान्स्फॉर्मरनें ठोके खाल्ले. तेव्हां न बदललेला नगहि आज बदललेलाच आहे. दोन अस्सल नग शेजारीं ठेवले तर त्यांचे आवाज निराळे निघतात, आणि दोघांचेहि मालक आपलाच खरा म्हणून हट्ट धरतात. ज्या आवाजासाठीं लाखो रुपये दिले जातात तो आवाज त्या यंत्रांत जसाच्या तसा शिल्लक नाहीं. तो त्या यंत्राच्या तारुण्यांत मुद्रित झालेल्या फितींत व तबकड्यांत शिल्लक आहे. जुन्या मायक्रोफोनच्या परीक्षेंत अंतिम साक्ष तबकडीचीच मानावी लागते.

म्हणूनच केवळ अस्सलपणाचा आग्रह धरणारा आणि केवळ उपयोगाकडे पाहणारा हे दोघेहि अर्धें सत्य पाहतात. पहिला मेलेली कॅप्सूल मूळची म्हणून सांभाळतो व मुक्या यंत्राची पूजा करतो. दुसरा चालूं शकणारा जुना भाग काढून नवा बसवितो, आणि इतिहासाचा एक पुरावा कचऱ्यांत जातो. यांतून मार्ग निघतो तो इतकाच: दुरुस्ती करावी, पण ती परत फिरवितां येईल अशी करावी, काढलेला मूळ भाग, तो मृत असला तरी, पाकिटांत घालून यंत्राबरोबर ठेवावा, आणि कोणता भाग केव्हां बदलला याचें टिपण प्रत्येक नगासोबत असावें. ज्या नगाबरोबर असें टिपण आहे तो चार भाग बदललेला असला तरी, कांहींच माहिती नसलेल्या तथाकथित अस्सल नगापेक्षां अधिक विश्वासार्ह ठरतो. त्याची किंमत देणारा काय घेत आहे हें जाणून देतो.

नॉयमानच्या कारखान्यानेंच २०१८ सालीं यू ६७ पुन्हां बनविण्यास घेतला. तेव्हां जुन्या काळचे मूळ आराखडे व टिपणें हा त्याचा आधार होता. जे नग कोणीतरी नीट जपले, ज्यांत उगाच ढवळाढवळ केली नाहीं, तेहि अशा कामास आधार होऊं शकतात. मेलेला व्ही एफ १४ आज फेंकून देणारा मनुष्य उद्यांच्या कारागिराच्या हातांतील नमुना नाहींसा करीत असतो. बाजारांतील भाव चढेल किंवा उतरेल. त्याची चिंता व्यापाऱ्यांनीं करावी. यंत्राच्या मालकानें वीजपेटी, व्हॉल्व्ह, कॅप्सूल व टिपण हीं चार एकत्र राहतील एवढें पाहिलें, तरी पुढील पिढीला त्या आवाजापर्यंत पोंचण्याची वाट मोकळी राहील.